मिनेसोटातला लेक केबिनचा लाँग वीकेंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फ वितळायला लागला की ट्विन सिटीजमधल्या (मिनीॲपोलिस-सेंट पॉल) आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर केबिनचे प्रश्न सुरू होतात. दर वर्षी तेच, फक्त विचारणारे नवीन. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. नियम मिनेसोटाचे आहेत. नदीपलीकडे विस्कॉन्सिनला केबिन घेतली असेल तर तिथले नियम वेगळे, ते वेगळे बघावे लागतील.

१. केबिन, रिसॉर्ट आणि लेक होम यांत फरक काय? आम्हाला नक्की काय बुक करायचंय तेच कळत नाहीये.

‘रिसॉर्ट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोव्यातला स्विमिंग पूल आणि नाश्त्याचा बुफे येतो. इथे उत्तरेकडे रिसॉर्ट म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या कुटुंबाने चालवलेली, तळ्याकाठी ओळीने उभी असलेली आठ-दहा लाकडी घरं, एक सामायिक डॉक (पाण्यात पुढे गेलेला लाकडी धक्का), थोडी वाळू आणि ऑफिसात आइस्क्रीमचा फ्रीजर. रूम सर्व्हिस नाही, हॉटेल नाही. स्वयंपाकघर आणि भांडी असतात. चादरी-टॉवेल मात्र पुष्कळ ठिकाणी आपले आपण न्यायचे असतात. लेक होम म्हणजे कुणाचं तरी खाजगी घर, ॲपवरून भाड्याने मिळणारं. तिसरा प्रकार स्टेट पार्कातल्या कॅम्पर केबिनचा: आत बंक बेड आणि टेबल, संडास-बाथरूम आणि नळ बाहेर. स्वस्त आणि मस्त, पण सासू-सासऱ्यांना घेऊन जायची जागा नव्हे.

तीन-चार कुटुंबं असाल तर एक मोठं घर घेण्यापेक्षा एकाच रिसॉर्टमध्ये शेजारशेजारच्या दोन-तीन केबिन घ्या, असं माझं ठाम मत आहे. मुलांच्या झोपायच्या वेळा, घोरणारे काका आणि सकाळी सातला एका बाथरूमसमोरची रांग, या तिन्ही गोष्टी परस्पर मिटतात.

२. मेमोरियल डे, फोर्थ ऑफ जुलै की लेबर डे? कोणता वीकेंड चांगला?

मेमोरियल डेला (मे महिन्याचा शेवटचा सोमवार) हवा छान असू शकते, पण पाणी गारठलेलं असतं. उत्तरेकडच्या तळ्यांवरचा बर्फ जाऊन तोवर फार तर महिना झालेला असतो. मुलं पाय बुडवतील आणि किंचाळत बाहेर येतील. गोचिडांचा भरही याच सुमारास असतो. फोर्थ ऑफ जुलै सगळ्यात मजेचा, सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीचा. २०२६ मध्ये ४ जुलै शनिवारी आहे, त्यामुळे ऑफिसांची सुट्टी शुक्रवारी, ३ तारखेला. लेबर डेला (सप्टेंबरचा पहिला सोमवार) पाणी अजून कोमट, डास कमी, आणि संध्याकाळी स्वेटर लागतो.

पण सुट्टीला धरूनच जायला हवं असं कुठे आहे? ऑगस्टच्या मध्यावर एक शुक्रवार रजा टाका. तीच केबिन, तेच तळं, निम्मी गर्दी.

३. बुकिंग किती आधी करावं?

जुलैसाठी म्हणाल तर आदल्या हिवाळ्यातच. जुन्या रिसॉर्टांत वर्षानुवर्षं तीच कुटुंबं त्याच आठवड्याला येतात आणि निघतानाच पुढच्या वर्षाचं नक्की करून जातात. भर उन्हाळ्यात बऱ्याच जागा शनिवार ते शनिवार असा पूर्ण आठवडाच देतात. नुसते तीन दिवस हवे असतील तर फोन करून विचारा, रद्द झालेलं बुकिंग मिळून जातं. इथले मालक ईमेलपेक्षा फोनवर जास्त मोकळे असतात. स्टेट पार्कच्या कॅम्पर केबिनचं आरक्षण १२० दिवस आधी उघडतं आणि चांगल्या तारखा त्याच सकाळी जातात.

फोनवर चार गोष्टी विचाराच: बाथरूम किती, तळ्यापर्यंत पायऱ्या किती, किनाऱ्याला वाळू आहे की चिखल-पाणवनस्पती, आणि भाड्यात बोट किंवा कयाक (वल्ह्याची लहान होडी) धरलेली आहे का. ‘लेक व्ह्यू’ लिहिलेल्या घरातून तळं दिसतं एवढंच. तिथवर पोचायला मध्ये रस्ता किंवा दुसऱ्याचं अंगण असू शकतं. जाहिरातीतल्या फोटोत फक्त सूर्यास्तच असेल आणि किनारा कुठेच नसेल, तर का नाही ते समजून घ्या.

४. कुठल्या भागात जावं आणि निघावं कधी?

राज्यात १० एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत, तेव्हा तळ्यांना तोटा नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना ब्रेनर्डचा परिसर सोपा पडतो. मिनीॲपोलिसहून साधारण सव्वादोन तास, दुकानं-दवाखाने जवळ, गल लेकसारखी मोठी तळी. मिल लॅक्स त्याहून जवळ. ते प्रचंड मोठं आणि तरीही उथळ आहे, त्यामुळे वारा सुटला की लाटा झटकन उसळतात. लहान बोटीने तिथे आत फार जाऊ नये. बेमिजीकडे गेलात तर इटास्का स्टेट पार्क जोडून घ्या. मिसिसिपीचा उगम तिथे आहे. जी नदी पुढे सेंट पॉलच्या पुलावरून रुंद वाहताना दिसते ती तिथे दगडांवर पाय ठेवत ओलांडता येते. आपल्याकडून आलेल्या आई-बाबांना हे फार आवडतं, हमखास ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतात.

लेक सुपिरियरचा किनारा देखणा आहे, पण भर जुलैतही ते पाणी पोहायचं नव्हे. पोहायचं असेल तर आतली लहान तळी घ्या.

शुक्रवारी दुपारी तीन ते सात या वेळात उत्तरेकडे जाणारा प्रत्येक रस्ता तुंबलेला असतो. एक तर सकाळी निघा, नाही तर जेवून निघा. जुलैच्या सुरुवातीला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उशिरा निघूनही बराच रस्ता उजेडात कापता येतो. गावाबाहेरच्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर हरणांकडे लक्ष ठेवा.

५. स्वयंपाकाचं काय करायचं? आमच्यात दर वेळी दोघी-तिघी दोन दिवस ओट्याशीच उभ्या असतात.

हाच खरा प्रश्न आहे. आपण तळ्यावर जातो आणि घरचं स्वयंपाकघर उचलून तिकडे मांडतो. सकाळी पोहे, अकराला चहा-चिवडा, दुपारी पोळ्या, चारला भजी, रात्री बिर्याणी. बारा माणसांचा हा रतीब घालताना कुणी तरी तळं फक्त खिडकीतूनच बघत असतं, आणि ती कोण ते सगळ्यांना माहीत असतं.

म्हणून नियम साधा ठेवा: दिवसातून एकच जेवण तिथे शिजवायचं, बाकी सगळं घरून बनवून न्यायचं. थालीपीठाची भाजणी, इडलीचं पीठ, फ्रीज केलेली छोल्यांची किंवा रश्श्याची डबाभर ग्रेव्ही, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. पहिल्या रात्री पोचायला उशीर होतोच, त्या रात्री दही-भात आणि लोणचं पुरे. पोळ्या लाटायच्या नाहीत. दुकानातले टॉर्टिया किंवा फ्रोझन पराठे चालवून घ्या, दोन दिवसांत कुणाचं काही बिघडत नाही. आणि ते एक जेवण दर दिवशी वेगळ्या कुटुंबाने करायचं, त्यातल्या पुरुषांसकट. ग्रिल पेटवून त्याभोवती बिअर घेऊन उभं राहणं याला स्वयंपाक केला असं धरलं जाणार नाही.

सामान आधीच भरून न्या. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, पनीर तिकडच्या गावात मिळेल या भरवशावर राहू नका. कोथिंबीर मिळते, पण दोन काड्यांची जुडी. केबिनमधल्या सुऱ्या बोथट असतात, तेव्हा स्वतःची एक धारदार सुरी, एक बरी कढई आणि चहाचं गाळणं एवढं बरोबर असू द्या. गाळणं कुठल्याच केबिनमध्ये नसतं.

दोन धोक्याच्या सूचना. खमंग फोडणीने स्मोक अलार्म हमखास वाजतो. एक्झॉस्ट पंखा बहुधा हवा बाहेर न टाकता तिथल्या तिथेच फिरवतो, म्हणून आधी खिडक्या उघडा, मग मोहरी टाका. अलार्मची बॅटरी काढून ठेवायची नाही; केबिन लाकडी असते. दुसरं म्हणजे वायरिंग जुनं असतं. इन्स्टंट पॉट, मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावली की ब्रेकर पडतो. ब्रेकरची पेटी कुठे आहे ते उजेडात बघून ठेवा.

६. आमच्यातले काही जण शुद्ध शाकाहारी आहेत, काहींचे उपास असतात. कसं जमवता?

केबिनच्या ग्रिलवर आधीच्या पाहुण्यांनी काय काय भाजलं असेल याचा नेम नाही. शाकाहारींसाठी नवीन ग्रिल-ट्रे किंवा जाड फॉइल न्या, कणसं-पनीर-ढोबळी मिरची त्यावर आधी भाजून घ्या, मग चिकन चढवा. भांड्यांचं ज्यांना फारच असतं त्यांनी आपला एक कुकर आणि तवा आणलेला बरा. त्यावर चर्चा नको.

उपासाचं कॅलेंडर बुकिंग करतानाच बघा. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला, म्हणजे नेमकी फोर्थच्या वीकेंडला, रविवारी आली होती. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती २५ जुलैला गेली आहे. साबुदाणा घरूनच भिजवून, पाणी काढून नेला की खिचडी अर्ध्या तासात होते आणि उपास नसलेलेच ती आधी संपवतात.

७. दारू आणि वाणसामान तिथे पोचून घेतलं तर चालेल का?

दूध, अंडी, बर्फ, कणसं तिथेच घ्या, गावातल्या दुकानांनाही तेवढाच हातभार. दारूचं मात्र लक्षात ठेवा: मिनेसोटात किराणा दुकानात वाइन किंवा नेहमीची बिअर मिळत नाही, फक्त ३.२ टक्क्यांची सौम्य बिअर मिळते. बाकीच्यासाठी लिकर स्टोअर. २०१७ पासून ती रविवारीही उघडी असतात, पण सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा एवढीच. लहान गावांत सुट्टीच्या दिवशी त्याआधीही कुलूप लागू शकतं.

८. नळाच्या पाण्याला लोखंडाचा वास येतो. प्यावं का? आणि संडासाजवळ इतक्या पाट्या का लावलेल्या असतात?

बहुतेक केबिनना स्वतःची विहीर म्हणजे बोअर असते. पाण्यात लोह असतं, म्हणून तो वास आणि बेसिनवरचे तांबूस डाग. मालकाला पाणी तपासलेलं आहे का ते विचारा. तान्हं बाळ बरोबर असेल तर प्यायचं पाणी बाहेरून आणलेलंच बरं.

पाट्या सेप्टिक टँकसाठी. ही टाकी चार-सहा माणसांच्या हिशेबाने बांधलेली असते आणि आपण जातो बारा जण. वाइप्स, सॅनिटरी पॅड, पेपर टॉवेल आत टाकायचे नाहीत, ‘फ्लश करता येतात’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी. आणि आपल्या स्वयंपाकाची मुख्य भानगड: तळणीचं तेल, तुपकट भांडी, भाताचं खरकटं. भज्यांचं तेल गार करून डब्यात भरा आणि कचऱ्यात टाका. ताटं आधी पुसून घ्या, मग धुवा. टाकी भरून आली तर ते शनिवारी रात्री बारा माणसं घरात असतानाच कळतं, आणि सुट्टीच्या वीकेंडला प्लंबर येत नाही.

९. आम्हाला कुणालाच नीट पोहता येत नाही. तरी तळ्यावर जाण्यात अर्थ आहे का?

आहे, पण लाइफ जॅकेट लाजायची गोष्ट मानू नका. आपल्या पिढीतल्या पुष्कळांना पोहता येत नाही आणि चारचौघांत ते सांगायला जीभ रेटत नाही, नेमकं तेच धोक्याचं. इथे लाइफगार्ड नसतो. तळ्याचा तळ स्विमिंग पूलसारखा हळूहळू उतरत नाही. कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल एकदम खोलात जाऊ शकतं, आणि चहाच्या रंगाच्या पाण्यात ते दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी कुणी तरी पोहणाऱ्याने कड कुठे आहे ते बघून सगळ्यांना दाखवावं. डॉकवरून डोक्याकडून सूर कुणीच मारायचा नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यांनीसुद्धा.

मुलं पाण्यात असताना ‘सगळे बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नसतं. एका वेळी एकच मोठा माणूस, पंधरा-वीस मिनिटांची पाळी, हातात फोन नाही, ग्लास नाही. पाळी बदलताना तोंडाने सांगायचं, “आता तू.” बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, सिनेमात दाखवतात तसं हात हलवत नाही. हवा भरलेले दंडावरचे फुगे खेळणं म्हणून ठीक, सुरक्षेसाठी नाहीत. मापात बसणारं, कोस्ट गार्डची मान्यता असलेलं जॅकेट घ्या. रिसॉर्टच्या खोक्यातली जॅकेटं मोठ्यांच्या मापाची आणि ओलसर वासाची असतात, मुलांसाठी स्वतःची न्या.

पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग सांडल्यासारखा दिसला, वाटाण्याच्या सारासारखा, तर त्या दिवशी मुलं आणि कुत्री दोघांनाही पाण्यापासून लांब ठेवा. जुलै-ऑगस्टच्या उष्ण, स्तब्ध दिवसांत निळं-हिरवं शेवाळ वाढतं आणि ते विषारी असू शकतं.

१०. लहान मुलांना बोटीत लाइफ जॅकेट सक्तीचं आहे का?

दहा वर्षांखालच्या मुलाने बोट चालू असताना ते घातलेलंच हवं, असा कायदा आहे. नांगर टाकून पोहायला थांबलेल्या बोटीला किंवा परवानाधारक कॅप्टनच्या प्रवासी बोटीला यातून सूट आहे. मोठ्यांनी घातलं नाही तरी बोटीत माणशी एक जॅकेट असावंच लागतं. कयाक आणि पॅडलबोर्डही यात आले. १६ फूट किंवा त्याहून लांब बोटीत फेकायचा तरंगता गादीवजा ठोकळाही ठेवावा लागतो.

११. पॉन्टून भाड्याने घ्यायचीय. कुणी चालवायची? लायसन्स लागतं का?

पॉन्टून म्हणजे दोन पोकळ नळ्यांवर ठेवलेला सोफासेट. आजी-आजोबांसकट सगळे बसतात, फारशी हलत नाही, आपल्या ग्रुपसाठी हीच बोट. कारचं लायसन्स इथे उपयोगाचं नाही. १ जुलै २०२५ पासून नवा नियम टप्प्याटप्प्याने लागू होतोय: आधी १ जुलै २००४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मोटरबोट चालवायला परमिट लागू झालं, दर वर्षी ही तारीख मागे सरकते, आणि २०२८ पर्यंत १ जुलै १९८७ किंवा त्यानंतर जन्मलेले सगळे त्यात येतील. कोर्स ऑनलाइन आहे. भाड्याच्या बोटीसाठी काय लागेल ते बुकिंग करतानाच विचारा, आणि प्रोपेलर दगडावर आपटला तर खर्च कुणाचा हेही.

बोटीत बसून दारू पिणं इथे बेकायदा नाही. पिऊन बोट चालवणं आहे, आणि मर्यादा कारइतकीच, ०.०८. त्याची नोंद ड्रायव्हिंग रेकॉर्डवर जाते. व्हिसावर असलेल्यांनी तर या फंदात पडूच नये. चालवणारा त्या दिवशी सरबतावर, एवढं किनाऱ्यावरच ठरवा.

जेट स्की सकाळी साडेनऊच्या आधी आणि सूर्यास्ताला तासभर उरल्यानंतर चालवता येत नाही.

१२. मासे पकडायला परवाना लागतो का? पकडून परत सोडले तर? आणि भारतातून आलेल्या बाबांना?

सोळा वर्षांपासून पुढे परवाना लागतो, मासा परत सोडलात तरी. पंधरापर्यंतच्या इथल्या मुलांना लागत नाही. बाबा पर्यटक व्हिसावर असतील तर त्यांना अनिवासी परवाना घ्यावा लागेल. २४ तासांचाही मिळतो, फोनवरून दहा मिनिटांत निघतो. “मी नुसता गळ धरून उभा होतो” हे मासेमारीचे परवाने तपासणाऱ्या वॉर्डनला पटत नाही. किती आणि केवढे मासे ठेवता येतात ते तळ्यागणिक बदलतं, त्या तळ्याचं नाव घालून बघा.

मुलांना डॉकवरून सनफिश लावून द्या. गांडुळाचा तुकडा, लहान गळ, वर लाल-पांढरा बॉबर, म्हणजे दोरीवरचा तरंगता गोळा. बॉबर एकदा थरथरतो, दुसऱ्यांदा तिरका होतो आणि मग गडप. पाच वर्षांचं मूलही तासभर जागचं हलत नाही. खायला सगळ्यात चांगला वॉलाय: पांढरा, घट्ट, जवळजवळ बिनकाट्याचा. हळद, तिखट, मीठ, आमसुलाचा कोळ लावून रव्यात घोळवा आणि तव्यावर तळा. बांगड्याची चव शोधू नका, हा गोड्या पाण्यातला मासा आहे. नॉर्दर्न पाइक चवीला बरा, पण त्यात इंग्रजी Y सारखे फाटे फुटलेले काटे असतात. मुलांना देताना जपून.

१३. डास, गोचीड, जळवा… हे कितपत खरं?

सगळं खरं आहे. डास सूर्य मावळल्यावर तासभर अक्षरशः तुटून पडतात. डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं औषध लावा, पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घाला. ओडोमॉस इथल्या डासांच्या खिजगणतीत नाही.

गोचिडांकडे जास्त लक्ष द्या. काळ्या पायांच्या बारीक गोचिडीमुळे लाइम रोग होतो. ती तिळाएवढी, पिल्लू असेल तर खसखशीएवढी. रोज रात्री मुलांच्या केसांत, कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. काडी पेटवणं, तेल ओतणं हे घरगुती उपाय नकोत. रोग अंगात शिरायला बहुधा एक दिवसाहून जास्त वेळ ती चिकटलेली असावी लागते, म्हणून रोज बघण्याला अर्थ आहे. नंतरच्या काही आठवड्यांत ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

जळू दिसायला किळसवाणी, पण इजा करत नाही. नखाने कडेने सोडवा. पोहून आल्यावर अंगावर लाल पुरळ उठलं तर ती ‘स्विमर्स इच’. पाणपक्षी आणि गोगलगायींतले परजीवी कातडीत शिरायला बघतात आणि मरतात. पाण्याबाहेर येताच टॉवेलने खसखसून पुसलं तर बरीचशी टळते.

१४. फोर्थला फटाके उडवता येतील का? विस्कॉन्सिनहून आणले तर?

दिवाळीच्या भाषेत सांगायचं तर फुलबाज्या, पाऊस आणि सापाच्या गोळ्या चालतात. लवंगी, सुतळी बॉम्ब, रॉकेट, म्हणजे जे फुटतं किंवा आकाशात जातं ते सगळं मिनेसोटात बंद. सीमेपलीकडच्या दुकानात विकत मिळतं, पण इकडे आणून उडवणं बेकायदाच. आसपास बरेच जण उडवताना दिसतील, तो त्यांचा प्रश्न. जे चालतं तेही सार्वजनिक जागेवर नाही, आणि रिसॉर्टचा मालक नाही म्हणाला तर नाही. जवळच्या गावाची आतषबाजी डॉकवर बसून फुकट दिसते.

१५. शेकोटीसाठी घरामागची लाकडं नेली तर चालतील का?

नाही. ॲशच्या झाडांना पोखरणारा एमराल्ड ॲश बोरर हा किडा २००९ मध्ये सेंट पॉलमध्ये सापडला आणि तेव्हापासून जळाऊ लाकडांतूनच तो गावोगाव पसरतोय. लाकूड तिथेच विकत घ्या. शेकोटी तीन फूट रुंद, तीन फूट उंच यापेक्षा मोठी नको. कोरड्या वर्षी शेकोटीवरही बंदी असू शकते, ती आहे का ते घरून निघण्याआधी बघा. झोपताना बादलीभर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. राखेला हात लावून गार लागली पाहिजे.

१६. रात्री गाणी, अंताक्षरी, स्पीकर चालेल ना?

साधारण दहापर्यंत. पाण्यावरून आवाज विलक्षण लांब जातो. तुमची कुजबुज समोरच्या काठाला ऐकू जाते, मग झिंगाट काय होत असेल विचार करा. अंताक्षरी आत बसून करा. फोनवरचं ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ सुद्धा सकाळी सहाला डॉकवरून नको. भारत साडेदहा तास पुढे आहे, तिथल्या संध्याकाळचा मुहूर्त तुम्ही साधताय हे शेजाऱ्याला माहीत नसतं.

१७. रात्री तळ्यावर कुणी तरी रडतंय की हसतंय असा आवाज आला. काय होतं ते?

लून, १९६१ पासून राज्याचा पक्षी. लांबलचक हेल काढून केलेली साद म्हणजे जोडीदाराला ‘कुठे आहेस?’ अशी विचारणा, आणि थरथरतं वेड्यासारखं हसू म्हणजे घाबरल्याची खूण. जून-जुलैत पिल्लं आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. कयाक घेऊन फोटोसाठी मागे लागलात तर तेच हसू ऐकू येईल. तेव्हा मागे फिरा.

१८. वादळ आलं तर?

उन्हाळी वादळं इथे मिनिटांत चढतात. ४ जुलै १९९९ला उत्तरेच्या बाउंडरी वॉटर्सच्या जंगलात सरळ रेषेतल्या वाऱ्याने लाखो झाडं आडवी केली होती, आणि तेव्हाही सुट्टीचाच वीकेंड होता. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून आणि डॉकवरून बाहेर. केबिनला बहुधा तळघर नसतं, म्हणून पोचल्यावर मालकाला विचारा की टोर्नेडोचा इशारा आला तर जायचं कुठे. आपण कुठल्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहोत ते लक्षात ठेवा, इशारे काउंटीच्या नावाने येतात.

१९. आई-बाबा बरोबर आहेत. वेगळी काय काळजी?

पायऱ्या (प्रश्न ३), रात्रीचा बाथरूमला जायचा रस्ता आणि एक विजेरी. खालच्या मजल्यावरची खोली त्यांना द्या. औषधं दोन दिवस जास्तीची, प्रवासी विम्याचं कार्ड फोटो काढून फोनमध्ये, आणि जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता कागदावर. फोनला रेंज नसते तेव्हा कागदच कामाला येतो. बाकी त्यांना कार्यक्रम नको असतो. डॉकवर पाठ टेकायची खुर्ची आणि वेळेवर चहा दिला की ते सगळ्यांत खूश.

२०. आमची स्वतःची फुगवायची कयाक आहे. ती नेली तर नियम लागू होतात का?

होतात. तळ्यातून काढल्यावर चिकटलेल्या वनस्पती काढायच्या, पाणी ओतून टाकायचं, वाळवायची. मोटरबोटीचा खालचा बूचही रस्त्यावर काढलेलाच असावा लागतो. झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले, एका तळ्यातून दुसऱ्यात असेच जातात.

आणखी एक खाचखळगा: रेड लेक. लोअर रेड लेक पूर्ण आणि अपर रेड लेकचा मोठा भाग ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या रेड लेक नेशनचा आहे. तिथे राज्याचा मासेमारी परवाना चालत नाही, बाहेरच्यांना नेशनच्या परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. अपर रेड लेकच्या पूर्वेकडचा भाग खुला आहे. नकाशा बघूनच बोट घाला.

२१. एका कुटुंबाने ऐनवेळी रद्द केलं. पैसे कुणी भरायचे?

बुकिंगच्या दिवशीच लिहून ठेवा: अमुक तारखेनंतर जो गळेल त्याने आपला वाटा भरायचा, बदली माणूस आणला तर सुटका. मूल आजारी पडलं तरी हाच नियम, कारण मुलं आजारी पडतातच. भाडं कुटुंबागणिक की माणशी? माझ्या मते खोलीगणिक. दारूचा हिशेब वेगळा ठेवा, न पिणारे बोलत नाहीत पण लक्षात ठेवतात.

२२. इतकी मजा आली की आता चौघांत मिळून केबिन विकतच घ्यावी असं चाललंय. घ्यावी का?

हे दर वर्षी रविवारी रात्री शेकोटीभोवती ठरतं आणि मंगळवारपर्यंत विरतं. विरलं नाहीच, तर आधी सेप्टिकची तपासणी, विहिरीच्या पाण्याचा अहवाल, काउंटीत भाड्याने द्यायला परवानगी आहे का, आणि हिवाळ्यात नळांतलं पाणी कोण काढणार हे बघा. चौघांतल्या एकाची नोकरी टेक्सासला गेली तर त्याचा हिस्सा कोण आणि कोणत्या भावाने घेणार, हे वकिलाकडून लिहून घ्या, मैत्री कितीही जुनी असली तरी. आणि डॉक. तो दर वसंतात थंडगार पाण्यात उतरून बसवावा लागतो आणि पाणी गोठायच्या आत बाहेर काढावा लागतो, नाही तर बर्फ त्याचा चुरा करतो. फोर्थला कोण येणार हे विचारू नका, ते सगळेच येतील. ऑक्टोबरच्या त्या शनिवारी कोण येणार, त्याच्या सह्या आधी घ्या.